रिग्रेशनच्या दोन लाइनी आल्या कुठून?

बारावी कॉमर्सच्या मॅथ्सच्या दुसऱ्या भागात लिनियर रिग्रेशन (एका मापावरनं दुसऱ्याचा अंदाज सांगणारी सरळ रेषा बसवणं) आहे, 2020 च्या नव्या पुस्तकातही ते राहिलं, आणि त्याआधी अकरावीला कोरिलेशन (दोन मापं किती जुळून चालतात ते) होऊन गेलेलं असतं. म्हणून स्कॅटर डायग्राम (मापांच्या जोड्यांचे ठिपके) काय, आर (कोरिलेशनचा आकडा) काय, ते इथं परत खोलात सांगत नाही. पोरं अडकतात ती दोन लाइनींवर. ठिपके तेच, डेटा तोच, मग वाय ऑन एक्स (एक्सवरनं वायचा अंदाज) वेगळी आणि एक्स ऑन वाय (वायवरनं एक्सचा) वेगळी कशापायी? कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासला विचारा नाहीतर शाहूपुरीतल्या, उत्तर बहुतेक एकच मिळतं: दोन कोइफिशंटचा, म्हणजे दोन लाइनींच्या उतारांचा, गुणाकार एकच्या वर गेला की लाइनींची अदलाबदल करा, पुढचं गणित घ्या.

मुळात लाइन बसवायची पद्धत रिग्रेशनच्या कितीतरी आधीची. 1805 मध्ये एका फ्रेंच गणितज्ञानं लीस्ट स्क्वेअर्स (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवायची पद्धत) छापली, 1809 ला एका जर्मन गणितज्ञानं सांगितलं की मी तर हे 1795 पासून वापरतोय, झालं, भांडण सुरू. पण ते सगळं धूमकेतू आणि ग्रहांच्या कक्षांसाठी चाललेलं, चूक मोजमापात आहे असं धरायचं आणि ती कमीत कमी करायची. त्यात दोन लाइनींचा सवालच नव्हता.

दोन लाइनी आल्या उंचीवरनं. 1886 मध्ये एका इंग्रज संशोधकानं 205 जोडपी आणि त्यांची 928 मोठी झालेली पोरं यांच्या उंच्या मांडल्या. बायकांच्या उंचीला 1.08 नं गुणून पुरुषांच्या मापात आणलं आणि आईबापाची सरासरी काढून एकच आकडा केला. दिसलं असं की आईबाप सरासरीपेक्षा 3 इंच उंच असतील तर पोरं सरासरीनं 2 इंचच उंच निघतात, म्हणजे उतार 2/3. आता उलटं बघा. सरासरीपेक्षा 3 इंच उंच असलेली पोरं वेगळी काढली तर त्यांचे आईबाप किती उंच? आधीचीच लाइन फिरवून वाचली तर उत्तर साडेचार इंच येतं, पण तक्त्यात येतो 1 इंच. म्हणजे ह्या बाजूचा उतार 1/3.

इथं घाई करू नका. एकदा आपण उंच आईबाप निवडून त्यांच्या पोरांची सरासरी घेतली, एकदा उंच पोरं निवडून त्यांच्या आईबापांची. गट वेगळे पडले, प्रश्न वेगळा झाला, मग लाइन एक कशी राहील? दोन्हीकडं उत्तर सरासरीकडं ओढलं जातं. आणि 2/3 च्या निम्मं 1/3 हेही उगाच नाही, आईबापाचा आकडा दोघांची सरासरी असल्यामुळं त्याचं व्हेरियन्स (आकडे किती पसरलेत त्याचं माप) पोरांच्या निम्मं होतं.

आता क्लासमधली ती अदलाबदलीची ट्रिक ह्याच आकड्यांवर लावून बघा. दोन्ही उतारांचा गुणाकार 2/9, वर्गमूळ काढलं की आर साधारण 0.47. लाइनी चुकून उलट्या धरल्या तर उतारही उलटे होतात, 3 गुणिले 3/2, म्हणजे 4.5, एकच्या वर, म्हणून अदलाबदल. ट्रिक बरोबरच आहे हो, पण ती का चालते हे त्या तक्त्यात आहे आणि आपण पोरांना नुसती ट्रिक देतो. माझा राग एवढ्याच गोष्टीवर आहे.

कोरिलेशन ह्याच्या नंतर आलं. 1888 ला त्याच इंग्रज संशोधकाच्या लक्षात आलं की दोन्ही मापं आपापल्या पसरणीच्या एककात मोजली तर दोन्ही उतार सारखेच येतात, तो सामाईक आकडा म्हणजे आपला आर. आज शिकवतो ते सूत्र 1896 चं, आणि रिग्रेशनची सांगड लीस्ट स्क्वेअर्सशी घातली गेली 1897 ला. पुस्तकात क्रम नेमका उलटा, आधी आर, मग लाइनी, म्हणून लाइनी आभाळातनं पडल्यासारख्या वाटतात.

1973 मध्ये चार छोटे डेटा सेट छापले गेले, प्रत्येकात 11 ठिपके, चारींचा आर 0.816 च्या आसपास, लाइनही तीच, 3 अधिक 0.5 एक्स, पण चित्र काढलं तर एकात चक्क वक्ररेषा आणि एकात सगळा उतार एका ठिपक्यावर लटकलेला. परदेशात शाळेतही चित्रावर भर दिसतो. अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी 2010 नंतर जे धोरण घेतलं त्यात आठवीतच ठिपक्यांतनं अंदाजे लाइन ओढायची, हायस्कूलला आर कॅल्क्युलेटरवर काढायचा आणि कोरिलेशन म्हणजे कारण नव्हे हे वेगळं शिकायचं.

आपल्याकडं बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबल आहे. म्हणून पाच-दहा जोड्यांचा सुटसुटीत डेटा, किंवा आयती दोन समीकरणं देऊन मीन आणि आर काढा, हे गणित टिकून राहिलं, तपासायलाही सोपं. खरं तर कोल्हापुरात जुलैमध्ये वेगळं गणित शोधायची गरजच नाही. राधानगरीचा पाऊस आणि राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी घ्या. पाऊस कळल्यावर पातळी सांगायची ही एक लाइन, पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याला टेकली असेल तर वर पाऊस किती झाला असेल ही दुसरी. 43 फूट धोक्याची. त्यापुढं लाइन तशीच ताणली तर फसणार, कारण पाणी पात्राबाहेर पडून शेतात पसरलं की सरळ रेषेचं नातं मोडतं, आणि 2019 ला पातळी 55 फुटांच्या वर गेली होती.

सायन्सच्या पोरांना राज्य बोर्डात हा धडाच नाही. सीबीएसई शाळांत अकरावी इकॉनॉमिक्सला कोरिलेशन आहे पण रिग्रेशन नाही, त्यामुळं तिकडनं बारावीला इकडं येणाऱ्या पोराला दोन्ही लाइनी पहिल्यापासनं शिकवाव्या लागतात.