पिठात पडलेला पाऊस

मुलांना पावसाचा थेंब काढायला सांगितले की वर शेंडी आणि खाली गोल पोट असे चित्र येते. बालवाडीच्या तक्त्यावर तोच थेंब, मोबाईलवरच्या हवामानात तोच, ‘पाणी वाचवा’ म्हणणाऱ्या भिंतीवरही तोच. बेळगावात जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ गळत असते, पण असा शेंडीवाला थेंब आजवर कुठल्याही ढगातून पडलेला नाही. नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब सुटताना क्षणभर तसा दिसतो, एवढाच त्या चित्राला आधार.

एक मिलिमीटरपर्यंतचा थेंब जवळजवळ गोल गोळी असतो. पाण्याचा पृष्ठताण त्याला चहूबाजूंनी आवळून गोल ठेवतो. थेंब दोन-तीन मिलिमीटरचा झाला की खालून लागणारी हवा त्याला दाबू लागते आणि तो पावासारखा दिसतो, खाली चपटा नि वर फुगीर. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे गेला की मधून पोकळ होत फुगतो आणि फुटून त्याचे बारीक थेंब होतात. त्यामुळे ‘काय सांगू, बोराएवढे थेंब पडत होते’ असे कोणी रंगवून सांगू लागले तर ऐकून घ्यावे, वहीत मात्र लिहू नये.

पण हे मुलांना दाखवायचे कसे? पडता थेंब डोळ्याला नुसती रेघ दिसतो. यावर फार स्वस्त युक्ती आहे आणि ती एका शेतकऱ्याची आहे. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात विल्सन बेंटली नावाचा गृहस्थ होता. 1885 मध्ये त्याने हिमकणाचे सूक्ष्मदर्शकातून छायाचित्र घेतले आणि पुढे आयुष्यभर हिमकणांची छायाचित्रे काढली. उन्हाळ्यात बर्फ नसे, तेव्हा तो पावसाकडे वळला. थेंब मोजायला त्याने चाळलेले पीठ वापरले आणि ही पद्धत 1904 मध्ये हवामानशास्त्राच्या मासिकात छापून आणली. कारखान्यातले एकही उपकरण नाही, फक्त स्वयंपाकघर.

आपल्याकडे परात आणि मैदा पुरतो. मैदा चाळून परातीत बोटभर जाडीचा पसरावा, दाबू नये. वर मोठे ताट झाकून परात अंगणात न्यावी. पाऊस चालू असताना ताट बाजूला सारून दोन आकडे मोजावेत आणि पुन्हा झाकावे. फार वेळ उघडे राहिले तर पिठाचा लगदा होतो. मुलांना एकदा तसेही करू द्यावे, म्हणजे दोनच आकडे का ते कळते. घरात आणून परात तासभर तशीच ठेवावी, मग पीठ हलक्या हाताने चाळावे. चाळणीत पिठाच्या गोळ्या उरतात. प्रत्येक गोळी म्हणजे एकेक थेंब. गोळी थेंबाच्या अगदी मापाची असतेच असे नाही, पण लहान-मोठे वेगळे काढायला तेवढे पुरे.

चार-पाच वर्षांच्या मुलांनी तीन वाट्या घ्याव्यात: बारीक, मध्यम, मोठी. सात-आठ वर्षांच्या मुलाला पट्टी द्यावी. खरी गंमत एका दिवसात कळत नाही, वेगवेगळ्या पावसाच्या गोळ्या शेजारी ठेवल्यावर कळते. एप्रिल-मे महिन्यातला वळीव उंच ढगांतून येतो, त्यात टपोरे थेंब बरेच. श्रावणातली भुरभुर चाळणीतून जवळजवळ सगळी निसटून जाते, कारण तिचे थेंब अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. ढगातला कण तर त्याहून कितीतरी बारीक, साधारण दोन शतांश मिलिमीटर. असे सुमारे दहा लाख कण एकत्र आले की दोन मिलिमीटरचा एक थेंब होतो. मोठ्या भावंडाला इथे गणित घालता येते: पाच मिलिमीटरच्या एका थेंबात एक मिलिमीटरचे किती थेंब मावतील? पाच म्हणणारे बरेच निघतात. उत्तर 125, कारण थेंबाला लांबीबरोबर रुंदी आणि उंचीही असते.

पत्र्याच्या शेडखाली उभे राहून बोलणे ऐकू येत नाही, तेव्हा आणखी एक प्रश्न आपोआप निघतो: थेंब एवढ्या जोरात येतो का? दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सहा-सात मीटर वेगाने पडतो, म्हणजे सायकल दामटणाऱ्या मुलाएवढा. मोठ्यातला मोठा नऊ मीटर. हवा नसती तर दोन किलोमीटरवरून सुटलेला थेंब ताशी 700 किलोमीटरने डोक्यावर आला असता. हवा अडवते म्हणून आपण भिजतो आणि निभावते. आवाज मोठा होतो तो पातळ पत्रा थरथरतो म्हणून. कौल जाड, ते तितके बोलत नाही. पत्रा, कौल, केळीचे पान आणि प्लास्टिकची खोळ यांखाली डोळे मिटून कुठे बसलोय ते ओळखायचा खेळ अगदी लहानांनाही जमतो. वीज कडाडत असेल तर मात्र हे सगळे बंद, परात आणि मुले दोन्ही घरात. घरातून वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत आकडे मोजावेत. तीन सेकंदांना एक किलोमीटर धरावा.

पिठाने थेंब केवढा ते कळते. किती पडला ते कळायला बाटली लागते. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली वरून कापावी आणि कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवावा. तळ खोलगट-उंचवट असतो, म्हणून त्यात खडे घालून पाणी ओतावे आणि बाजू सरळ होते तिथे शून्याची रेघ मारावी. वर पट्टी चिकटवली की पर्जन्यमापक तयार. पागोळ्यांखाली किंवा आंब्याखाली ठेवू नये. भिंतीपासून निदान तिच्या उंचीच्या दुप्पट लांब ठेवावा. रोज सकाळी साडेआठला वाचावा आणि पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणावे. हवामान खातेही त्याच वेळी मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजते. अडीच मिलिमीटर भरला तर खात्याच्या हिशेबात तो पावसाचा दिवस, 64.5 च्या पुढे गेला की ‘जोरदार’.

इथे मुले हटकून अडतात. रुंद डब्यात जास्त पाणी साठणार, मग आकडा जास्त नको का? सांगत बसू नये. सरळ बाजूंचा मोठा डबा आणि अरुंद गिलास शेजारी ठेवावा आणि सकाळी दोन्हीत पट्टी बुडवावी. उंची सारखीच निघते, कारण रुंद तोंडात पाणी जास्त पडले तरी ते पसरतेही तितकेच. बादली घेऊ नये, ती वर रुंद नि खाली निमुळती असते. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एवढे धरले की 50 चौरस मीटरच्या गच्चीवर 20 मिलिमीटर पाऊस झाला तर हजार लिटर पाणी गेले, हे तिसरीतले पोरही काढते.

भांडे ठेवून पाऊस मोजणे आपल्याकडे जुनेच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या अधिकाऱ्याने हातभर तोंडाचे कुंड पाऊस मोजायला ठेवावे असे सांगितले आहे, आणि कुठल्या प्रदेशात किती पाऊस याची यादीही आहे. अपरान्ताला, म्हणजे आपल्या घाटाखालच्या कोकणाला, आकडाच नाही. तिथला पाऊस ‘अमित’. चोर्ला घाट जुलैत ज्याने उतरला आहे त्याला हे पटायला पुरावा नको.

आपला जिल्हा या खेळाला इतका सोयीचा आहे की दुसरीकडच्या मुलांना हेवा वाटावा. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून सुमारे 50 किलोमीटरवर बेळगाव शहरात साधारण 1,200 ते 1,300. पूर्वेला अथणीकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्री आडवा आला की वर चढते, चढताना गार होते, तिच्यातल्या वाफेचे ढग होतात आणि घाटमाथ्यावर रिकामे होतात. माथा ओलांडून उतरताना तीच हवा पुन्हा तापते, ढग विरळ होतात. शहरात दोन दिवस उघडीप असूनही राकसकोप जलाशय वाढतो तो यामुळेच. त्यात येणारे पाणी शहराच्या पश्चिमेला पडलेले असते. म्हणून जांबोटीची मावशी, शहरातली आजी, निपाणीचा मामा आणि अथणीतली कोणी मैत्रीण यांनी एकाच सकाळी साडेआठचा आकडा व्हॉट्सॲपवर टाकावा. महिनाभरात मुलांच्या हाताने जिल्ह्याच्या पावसाचा उतार कागदावर येतो. पडताळून पाहायचे असेल तर कर्नाटकात ग्रामपंचायतींच्या आवारात स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले आहेत. गावातला कुठे आहे ते शोधायला मुलांना पाठवावे.

कणकुंबीला अजून एक पाहण्यासारखे आहे. तिथे माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते, तिचे पाणी बंगालच्या उपसागराला. त्याच तालुक्यात भीमगडच्या रानातून म्हादई निघते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. याच डोंगरात जवळजवळ पडलेल्या दोन थेंबांचे समुद्र वेगळे. (या पाण्यावरून राज्यांत जुंपली, लवाद बसला, 2018 मध्ये निकालही आला. मुलांना तूर्त डोंगर पुरे.) घरी करायला वर्तमानपत्र चुरगळून त्याचा लांबट डोंगर करावा, वर प्लास्टिक अंथरावे, धारेच्या एका बाजूला निळा आणि दुसऱ्या बाजूला लाल रंग टिपकावा आणि झारीने पाऊस पाडावा. बोटभर इकडचे पाणी लाल, तिकडचे निळे. मग मुलांना ती धार बोटाने कुठेही सरकवू द्यावी. नद्या किती झटकन बदलतात ते पाहून मोठेही खाली बसतात.

रोजची नोंद मात्र गणपती झाले म्हणून सोडू नये. जूनपासून ऑगस्टपर्यंत अथणीच्या मुलीचे आकडे इतके लहान असतात की तिला कंटाळा येणार. पण उत्तर कर्नाटकाच्या कोरड्या पट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस महत्त्वाचा. पश्चिमेचा जोर ओसरतो आणि पूर्वेकडून गडगडत ढग येतात. एखाद्या सकाळी कणकुंबीच्या खान्यात शून्य आणि अथणीच्या खान्यात 40 असे दिसण्याची तेव्हाच शक्यता, म्हणून बाटली दसऱ्यापर्यंत तरी अंगणातच राहू द्यावी.