मंत्रचळ म्हणजे स्वच्छतेची आवड नव्हे

‘तिला ओसीडी आहे, घर कसं आरशासारखं ठेवते!’ हे वाक्य कौतुकाने म्हटले जाते आणि तेथेच गफलत होते. ओसीडी (ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणजेच मंत्रचळ हा एक मानसिक आजार आहे. टापटिपीने माणसाला समाधान मिळते. मंत्रचळात मात्र नकोसा विचार पुन्हापुन्हा मनात घुसतो आणि त्याने उठलेली भीती शमवण्यासाठी तीच ती कृती करावी लागते, तरीही सुटका क्षणभराचीच असते. गॅसचे बटण बंद असल्याचे डोळ्यांनी पाहूनही जिन्यावरून चारदा परतणाऱ्या माणसाच्या घरात भरपूर पसाराही असू शकतो. कित्येकदा तर बाहेरून काहीच दिसत नाही: देवापुढे हात जोडताच मनात अभद्र शब्द येतात, किंवा तान्ह्या बाळाला आपल्याच हातून इजा होईल या धास्तीने आई विळी-सुरी लपवून ठेवते. हे विचार म्हणजे सुप्त इच्छा नव्हेत, उलट त्या आईला त्यांचा तिटकाराच असतो. पण लाजेपोटी ती कोणाजवळ बोलत नाही.

कुलूप एकदा ओढून पाहणे हा आजार नाही. यात दिवसाचा तासाभराहून अधिक वेळ जाऊ लागला किंवा कामाचा, अभ्यासाचा खोळंबा होऊ लागला, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. औषधांचा आणि भीती सोसूनही ती कृती टाळण्याच्या सरावाचा उपयोग होतो. घरच्यांनी मात्र ‘हो, बंद आहे’ अशी दर वेळी ग्वाही देत राहिल्यास ते चक्र अधिकच पक्के होते.