आनिसोन

आनिसोन : जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिकेच्या किंवा चित्रपटाच्या सुरुवातीला, शेवटी अथवा मधल्या एखाद्या प्रसंगात वाजणारे गाणे. ‘अनिमे सोंगु’ या जपानी वळणाच्या शब्दजोडीचा हा संक्षेप. आनिसोन हा संगीताचा प्रकार नव्हे. बालगीत, हेवी मेटल, जॅझ, इलेक्ट्रॉनिक यांपैकी काहीही आनिसोन होऊ शकते. या सगळ्यांना एकत्र बांधते ती लांबी: दूरचित्रवाणीवर ओपनिंगला नव्वद सेकंद आणि एंडिंगला नव्वद सेकंद. चार-पाच मिनिटे वाजवण्याची सवय असलेल्या रॉक बँडला या दीड मिनिटात शिरताना जी मोडतोड आणि बांधणी करावी लागते, त्यातूनच आनिसोनचा खास घाट तयार झाला.

नव्वद सेकंदांचे गणित

अर्ध्या तासाच्या प्रसारणातून जाहिराती वजा केल्या की भागाला सुमारे २४ मिनिटे उरतात. त्यातली तीन मिनिटे दोन गाण्यांना जातात. दर सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर नव्वद सेकंदांत २,१६० चौकटी होतात. दोन्ही टोकांना निमिषभर शांतता ठेवायची असल्याने गाण्याची ‘टीव्ही साइझ’ आवृत्ती बहुधा ८९ सेकंदांच्या आसपास भरते.

जपानी लोकप्रिय गाण्याचे तीन मुख्य भाग असतात: ए-मेरो (कडव्याची पहिली चाल), बी-मेरो (साबीकडे नेणारी दुसरी चाल) आणि साबी. साबी म्हणजे आपले धृपद. मात्र आपले भावगीत धृपदाने उघडते आणि अंतऱ्यांतून पुन्हा तिथेच परतते, तर जपानी गाणे साबीकडे चढत जाते. मिनिटाला १६० ठोक्यांची लय घेतली तर नव्वद सेकंदांत २४० ठोके, म्हणजे चार-चार मात्रांची ६० आवर्तने मिळतात. त्यांची एक नेहमीची वाटणी अशी: सुरुवातीला साबीची झलक ४ आवर्तने, वाद्यवृंद ८ (इथे मालिकेचे नाव पडद्यावर येते), ए-मेरो १६, बी-मेरो ८, साबी १६ आणि समारोप ८. म्हणजे खरी साबी ५४ व्या सेकंदाला सुरू होते आणि ७८ व्या सेकंदाला संपते. धावाधाव, लढाई, उडी यांची सर्वांत खर्चिक चित्रे याच २४ सेकंदांसाठी राखलेली असतात.

गडबड होते ती संथ गाण्यांत. लय ८० असेल तर आवर्तने ३० च उरतात. आठ आवर्तनांचा आरंभ ठेवला तर साबी अर्ध्यात तुटते, म्हणून आरंभ काढून थेट शब्दांवर यावे लागते किंवा ए-मेरोचा दुसरा अर्धा भाग गाळावा लागतो. पूर्ण गाणे आधी रचून मग कापले, तर जोड कानाला टोचते: बेसचा सूर एका स्वरसंघावर असतो आणि पुढचा शब्द दुसऱ्यावर पडतो. म्हणून जाणते संगीतकार टीव्ही साइझ आधी रचतात, ती स्वतंत्रपणे उभी राहते ना हे पाहतात, आणि दुसरे कडवे, मधला वेगळा भाग व गिटारचा एकल तुकडा नंतर जोडतात. याचा परिणाम चाहत्यांवर हमखास दिसतो. कराओकेच्या खोलीत पहिले दीड मिनिट सगळे बिनचूक गातात आणि दुसऱ्या कडव्याला आवाज गळतात, कारण पडद्यावर ते कडवे कधी ऐकलेलेच नसते.

बँड आणि मालिका

दूरचित्रवाणीवरची पहिली अर्ध्या तासाची साप्ताहिक ॲनिमे मालिका ‘तेत्सुवान आतोमु’ १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाली. तिचे गीत कवी शुन्तारो तानिकावा यांचे, संगीत तात्सुओ ताकाई यांचे. त्यानंतरचे दशकभर आनिसोन म्हणजे नायकाचे नाव, त्याची शस्त्रे आणि गर्जना. ‘माझिंगर झेड’ (१९७२) मधला इचिरो मिझुकी यांचा लांबवलेला ‘झेऽऽत्तो’ हा त्याचा उत्कर्ष. इसाओ सासाकी यांनी गायलेले ‘स्पेस बॅटलशिप यामातो’चे (१९७४) गाणे पितळी वाद्यांच्या कूचगीतासारखे आहे.

रॉक बँड ठळकपणे आत आला तो १९७९ मध्ये. लेइजी मात्सुमोतो यांच्या कथेवरील ‘गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९’ या चित्रपटासाठी गोदाइगो या बँडने शीर्षकगीत केले: चाल युकिहिदे ताकेकावा यांची, वाद्ययोजना मिकी योशिनो यांची. नायकाची स्तुती नाही, शस्त्र नाही. निरोप आणि प्रवास हाच विषय, आणि तोही उघड्या, उजळ स्वरांत. आजही आनिसोन काय करू शकते हे एकाच गाण्यातून दाखवायचे तर हेच निवडावे. याच बँडने १९७८ च्या ‘साइयूकी’ या मालिकेसाठी ‘गान्दारा’ हे गाणे केले होते. मालिका माणसांनी अभिनय केलेली असल्याने ते काटेकोर अर्थाने आनिसोन नाही, पण त्याचा धागा आपल्यापर्यंत येतो. कथा ह्युएनत्संगाच्या भारतयात्रेवर आधारलेली आहे, आणि पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा प्रवासी तोच.

१९८६ च्या ‘सेइंत सेइया’साठी मेक-अप या बँडने हार्ड रॉकची दुपदरी गिटार आणि वरच्या पट्टीतला आवाज आणला. ‘ड्रॅगन बॉल झी’चे (१९८९) ओपनिंग गाणारे हिरोनोबू कागेयामा हे लेझी या बँडचे जुने गायक. त्याच बँडमधून बाहेर पडलेल्या आकिरा ताकासाकी आणि मुनेताका हिगुची यांनी लाउडनेस हा जपानी हेवी मेटलचा अग्रणी बँड उभा केला. आनिसोन आणि मेटल यांचे नाते इतके घरचे आहे.

‘सिटी हंटर’ (१९८७) मालिकेने एंडिंगची रीत बदलली. टीएम नेटवर्कच्या ‘गेट वाइल्ड’चा आरंभ भागाच्या शेवटच्या दृश्यावरच सुरू होतो. संवाद चालू असताना सूर खालून वर येतात, चित्र थबकते आणि नामावली लागते. गाणे कथेला चिकटून आले की प्रेक्षक वाहिनी बदलत नाही.

नव्वदच्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्या आणि मालिकांचे निर्माते यांचा ‘टाय-अप’ पक्का झाला: कंपनीने बँड द्यायचा, मालिकेने दर आठवड्याला दीड मिनिटाची प्रसिद्धी. ‘स्लॅम डंक’ (१९९३-९६) मध्ये बाद आणि वाँड्स या बँडची गाणी याच वाटेने आली आणि बास्केटबॉलच्या धापा टाकणाऱ्या तालाला शोभलीही. तोटा असा की शब्दांचा कथेशी संबंध सुटू शकतो. मेइजी काळातल्या (१८६८-१९१२) तलवारबाजाची कथा सांगणाऱ्या ‘रुरोउनी केन्शिन’चे (१९९६) ओपनिंग, ज्यूडी अँड मेरीचे ‘सोबाकासु’, हे गालावरच्या वांगांबद्दल आणि फसलेल्या प्रेमाबद्दल आहे. तरीही चाल इतकी उसळती की ते त्या मालिकेपासून वेगळे काढता येत नाही.

‘एफएलसीएल’ (२०००-०१) या सहा भागांच्या मालिकेने नव्वद सेकंदांची चौकटच बाजूला ठेवली. दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी द पिलोज या बँडची मुख्यतः आधीच्या अल्बममधली गाणी घेतली आणि प्रसंगांच्या खाली शब्दांसह वाहू दिली. लढाई गाण्याच्या साबीवर कापली जाते, शांतता गिटारच्या एका तारेवर. जपानमध्ये मर्यादित श्रोते असलेल्या या बँडला परदेशी चाहते मिळाले ते याच सहा भागांमुळे. एखाद्या बँडची ओळख करून घ्यायला ॲनिमे पाहावी, असे ठामपणे सांगता येईल अशी ही सर्वांत चांगली जोडी आहे. पुढे ‘फुलमेटल अल्केमिस्ट’साठी (२००३-०४) लार्क-आन-सिएल आणि एशियन कुंग-फू जनरेशन, तर माकोतो शिन्काई यांच्या चित्रपटांसाठी रॅडविम्प्स हे बँड आले.

सभागृहातली रीत

आनिसोनच्या मैफलीत श्रोते गाण्याच्या भागांनुसार साथ देतात. ए-मेरोत ठोक्यावर हात किंवा हातातला कांडीसारखा दिवा हलवायचा. बी-मेरोत ‘पान, प-पान, ह्यू’ अशा टाळ्या आणि उडी. साबीत मोकळे गाणे. शेवटच्या साबीआधी वाद्ये थांबून आवाज एकटा उरतो, त्याला ‘ओचिसाबी’ म्हणतात. तिथे ओरडणे हा मोठा दोष मानतात. टीव्ही साइझवर वाढलेला नवखा इथेच चुकतो, कारण हा भाग दीड मिनिटात नसतोच. बी-मेरोत ढोलाची चाल निम्म्या गतीवर आली असेल तर वरच्या टाळ्या बसत नाहीत. तेव्हा नुसते हात हलवावेत.

मोठ्या सभागृहात आणखी एक अडचण. आवाजाला १०० मीटर जायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात, आणि १६० च्या लयीत एक मात्रा ०.३७५ सेकंदांची असते. समोरच्या टोकाच्या टाळ्या ऐकून टाळी दिली तर ती जवळपास एक मात्रा मागे पडते. जवळच्या स्पीकरमधला ढोल ऐकावा, दूरच्या टाळ्या नव्हे.

दिवे बॅटरीवरचे बरे. रासायनिक कांडीत काचेच्या कुपीतले हायड्रोजन पेरॉक्साइड नळीतल्या ऑक्झलेट एस्टर व रंगद्रव्यात मिसळून प्रकाश पडतो. भडक नारिंगी कांडी पाचेक मिनिटेच, म्हणजे एकाच गाण्यापुरती पेटते. कांडी फार वाकवली तर नळी फुटून द्रव शेजाऱ्याच्या कपड्यांवर वा डोळ्यांत जाऊ शकतो. म्हणून अनेक ठिकाणी तिला बंदी असते. केवळ रॉक बँडच्या मैफलीत दिवे नेतच नाहीत, तिथे मूठ वर करायची असते. एकाच बँडचे चाहते दोन्ही ठिकाणी जातात, तेव्हा हा फरक सांभाळावा लागतो.

मराठी गळ्यासाठी

जपानी गाण्यात दर ‘मोरा’ला, म्हणजे उच्चाराच्या एका मात्रेला, साधारण एक सूर मिळतो. अनुनासिक न्, दीर्घ स्वराचा दुसरा अर्धा भाग आणि जोडव्यंजनातला थांबा हेही स्वतंत्र मोरा. ‘सेन्सेइ’ हा शब्द से-न्-से-इ असा चार सुरांवर बसतो आणि ‘गान्दारा’ गा-न्-दा-आ-रा असा पाच. ‘सेन्’ एका सुरात उरकला की पुढची सगळी ओळ घसरते. शब्द देवनागरीत लिहून घेताना दोन मोरांमध्ये रेघ मारली तर ही चूक टळते.

एका बाबतीत मराठी माणसाचे काम सोपे आहे. जपानी ‘त्सु’ म्हणजे ‘चुना’ या शब्दातला चु, आणि ‘झु’ म्हणजे ‘जुना’मधला जु. ‘चि’ मात्र ‘चिमणी’तला आणि ‘जि’ ‘जिरे’तला. हे दंत्य आणि तालव्य उच्चार मराठीत जन्मजात वेगळे असतात. ‘फु’ ओठ न चावता, फुंकर मारल्यासारखा काढावा.

नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर पाहिलेली ‘जंगल बुक’ ही मुळात जपानी ॲनिमे. भारतात तिला गुलजार व विशाल भारद्वाज यांचे नवे हिंदी गीत मिळाले, आणि मूळ आनिसोन इथे कोणी ऐकलेच नाही. अनेक देशांत असेच घडले. ऑक्टोबर २०१९ मध्ये, चाहत्यांच्या सह्यांच्या मोहिमेनंतर, शिन्काई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतीय चित्रपटगृहांत लागला, तेव्हा रॅडविम्प्सची गाणी मूळ जपानीतच वाजली.

जुन्या मुद्रिका जमवणाऱ्यांनी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. नव्वदच्या दशकातल्या जपानी सिंगल (एक-दोन गाण्यांच्या सीडी) ८ सेंमी व्यासाच्या, उभट पुठ्ठ्याच्या पाकिटात येत. त्या फटीतून आत ओढणाऱ्या यंत्रात घालू नयेत, अडकतात. खाच असलेल्या तबकातच ठेवाव्यात. सिंगलवर बहुधा पूर्ण गाणे असते, टीव्ही साइझ हवी असेल तर मालिकेच्या ध्वनिमुद्रिका-संचात शोधावी. नामावली नसलेले ओपनिंग डीव्हीडी वा ब्लू-रेच्या जोडभागात मिळते. तबकडी आणि यंत्र यांना विक्रीच्या प्रदेशानुसार क्षेत्र ठरलेले असते: जपानी डीव्हीडी क्षेत्र २ ची असते, भारतीय यंत्र क्षेत्र ५ चे. ब्लू-रेत जपान ‘ए’, भारत ‘सी’. सर्व क्षेत्रे वाचणारे यंत्र नसेल तर तबकडी विकत घेऊनही पडदा काळाच राहतो.