विष मोजणारा हात आणि त्यामागचं मन

1971 साली इंग्लंडमधल्या बोव्हिंग्डन गावच्या एका कारखान्यात कामगार एकापाठोपाठ एक आजारी पडू लागले. पोटात कळा, पायांची आग, काहींचे केस झडायला लागले. सगळ्यांना वाटलं, कसली तरी साथ आहे. डॉक्टर कामगारांशी बोलायला आले, तेव्हा एका तरुणाने त्यांना विचारलं, ‘ही लक्षणं थॅलियमच्या विषबाधेशी जुळत नाहीत का?’ त्या तरुणाचं नाव ग्रॅहॅम यंग. सहकाऱ्यांना चहा नेऊन देणारा तोच.

थॅलियम हा विषारी धातू. त्याचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, शरीरात पोटॅशियमसारखा वावरतो, म्हणून पेशी त्याला सहज आत घेतात. मज्जातंतू आणि केसांची मुळं त्याला बळी पडतात. केस गळायला दोनतीन आठवडे लागतात, तोवर विषाचा संशय कुणाला येत नाही. यंगच्या खोलीत डायरी सापडली. कुणाला किती मात्रा दिली, त्याचं काय झालं, सगळं टिपलेलं. ही कादंबरीची टिपणं आहेत, असं त्याने कोर्टात सांगितलं. दोन सहकारी दगावले होते. 1972 मध्ये त्याला जन्मठेप झाली.

यातली अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे. 1962 मध्ये, अवघ्या चौदाव्या वर्षी, घरच्यांवर विषप्रयोग केला म्हणून याच मुलाला ब्रॉडमूर या मनोरुग्णालयात ठेवलं होतं. मग तो आजारी होता की गुन्हेगार? कायद्याच्या दृष्टीने माणूस एकाच वेळी दोन्ही असू शकतो. निदान झालं म्हणून जबाबदारी आपोआप सुटत नाही.

कायदा नेमकं काय विचारतो, हे ठरलं 1843 मध्ये. सत्ताधारी पक्ष आपल्या जिवावर उठलाय अशा भ्रमात डॅनियल मॅकनॉटनने ब्रिटिश पंतप्रधानांच्या सचिवाला गोळी घातली आणि तो निर्दोष सुटला. लोक खवळले. न्यायाधीशांनी मग कसोटी घालून दिली: मनोविकारामुळे त्या क्षणी आरोपीला आपण काय करतोय हे कळत नव्हतं का, किंवा ते चूक आहे हे कळत नव्हतं का? अनेक देशांचे कायदे आजही याच प्रश्नाभोवती फिरतात.

विषाच्या गुन्ह्यात ही कसोटी फार कडक होते. चाकू रागाच्या भरात हाती येतो. विष मात्र मिळवावं लागतं, मोजावं लागतं, लपवावं लागतं, आणि लपवण्यातून चूक कळत असल्याचा पुरावाच उभा राहतो. तरी माझ्या मते इथे घाई करू नये. शेजारी आपल्या पाण्यात विष कालवतोय अशी पक्की भ्रामक समजूत असलेला माणूस अत्यंत पद्धतशीर तयारी करू शकतो. त्याचा हिशेब बिनचूक असतो, ज्यावर तो उभा आहे ते गृहीतकच खोटं असतं. म्हणून मनोविकारतज्ज्ञाने नियोजनाच्या मागे जाऊन त्याचं कारण तपासायला हवं.

कधी पदार्थ स्वतःच मन पोखरतो. एकोणिसाव्या शतकात रबर कारखान्यांत कार्बन डायसल्फाइडची वाफ हुंगणाऱ्या कामगारांना वेडाचे झटके येत. टोप्या बनवणारे पाऱ्यामुळे बुजरे, चिडचिडे होत, हात थरथरत. नकळत झालेल्या अशा विषबाधेकडे आणि स्वतःहून केलेल्या नशेकडे कायदा वेगवेगळ्या नजरेने पाहतो. नशेचा निर्णय आधी माणसाचा स्वतःचा असतो.

आणखी एक गल्लत नेहमी होते, ती वेळेची. गुन्हा करताना मन कसं होतं हा एक प्रश्न. आज खटला समजून घेण्याइतकं ते शाबूत आहे का, हा दुसरा. 20 मार्च 1995 ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हे मज्जातंतूंवर घाला घालणारं विष सोडण्यात आलं. ते घडवून आणणारा पंथप्रमुख शोको असाहारा पुढे कोर्टात असंबद्ध पुटपुटत राहिला, मग बोलेनासाच झाला. त्याच्याशी संवादच होत नाही, असं वकिलांचं म्हणणं होतं. कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञाने 2006 मध्ये तो खटल्यास सक्षम असल्याचं सांगितलं, बचाव पक्षाच्या तज्ज्ञांचं मत उलट होतं. अपील फेटाळलं गेलं. 2018 मध्ये त्याला फाशी झाली, तोवर त्याने कोर्टाला नीटसं काही समजावून सांगितलं नव्हतं.