वयाचं तिकीट वेगळं, उंचीची रेघ वेगळी

मे महिना जवळ आला की घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर परदेश सहलीचा हा प्रश्न येतोच: ‘मुलं चार, नऊ आणि तेरा वर्षांची, तिघांचं हाफ तिकीट लागेल ना?’ खाली दहा उत्तरं. एक लंडनचं, एक न्यूयॉर्कचं, एक सिंगापूरच्या थीम पार्कचं, आणि दहाही जण छातीठोक. उत्तरं आपापल्या जागी खरीही असतात. पण काही नियम वयाचे असतात, काही उंचीचे, आणि हे दोन्ही एकच समजून लोक तिकिटं काढून मोकळे होतात.

वयाचा नियम आपल्याला नवा नाही. ठाणे-पनवेल लोकलला पाच वर्षांखाली फुकट, पाच ते बाराच्या आत अर्धं. परदेशातही पद्धत तीच, आकडे तेवढे बदलतात. पथ्यं दोनच. वय पूर्ण झालेल्या वर्षांत मोजायचं. ‘अकरावं लागलंय’ म्हणजे तिथे दहाच. आणि वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात, बुकिंगच्या दिवशीचं नाही. विमानात हे महागात पडतं: दोन वर्षांखालचं मूल मांडीवर जातं, पण सहलीत दुसरा वाढदिवस आला तर परतीला त्याला स्वतःची सीट लागते.

लंडन हे वयाचं शहर. ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत फुकट, एका तिकीटवाल्या मोठ्यामागे चार मुलांपर्यंत. म्हणजे चार आणि नऊ वर्षांची दोघं सुटली. अडकतं ते तेरा वर्षांचं. अकरा ते पंधरा वयाला ‘यंग व्हिजिटर डिस्काउंट’ मिळतो, मोठ्यांच्या निम्मं भाडं, जास्तीत जास्त 14 दिवस. पण तो आपोआप लागत नाही. मुलासाठी वेगळं ऑयस्टर कार्ड (पैसे भरून वापरायचं तिथलं प्रवासाचं कार्ड) घ्यायचं, मुलाला सोबत घेऊन ट्यूब स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडे जायचं आणि सवलत कार्डावर चढवून घ्यायची. हे न करता मुलाच्या हातात बँकेचं कार्ड दिलं की यंत्र मोठ्यांचं पूर्ण भाडं कापतं. ‘कार्ड टॅप केलं की झालं’ हा सल्ला देणाऱ्यांच्या घरात बहुधा तेरा वर्षांचं कुणी नसतं.

न्यूयॉर्कच्या सबवेला, म्हणजे तिथल्या मेट्रोला, मात्र वयाशी देणंघेणं नाही. 44 इंच, म्हणजे सुमारे 112 सेंटिमीटरपर्यंतची मुलं फुकट, एका मोठ्यामागे तीन. त्यावर एक इंच गेला की पूर्ण भाडं. बाहेरून आलेल्या मुलांना हाफ नाहीच. साधारण साडेपाच वर्षांची मुलं या रेघेच्या आसपास असतात. त्यामुळे उंच असलेल्या पाच वर्षांच्या मुलाचे पैसे पडतात आणि बुटकं सहा वर्षांचं फुकट जातं. तिथे पासपोर्ट दाखवून उपयोग नाही.

ट्यूब-सबवेत चूक झाली तरी नुकसान थोड्या डॉलर-पाउंडांचं. खरी फसगत पुढे आहे. तिकीट वयावर मिळतं, पण आत गेल्यावर राइडवर बसायचं की नाही हे उंची ठरवते, आणि त्या दोन नियमांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओमध्ये चार ते बारा वर्षांना चाइल्ड तिकीट. चार वर्षांच्या मुलाचेही पैसे भरायचे. मग ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या रांगेत 102 सेंटिमीटरची पट्टी, ‘ज्युरासिक पार्क’च्या पाण्याच्या राइडला 107, ‘ममी’ला 122, ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ला 125. चार वर्षांची बरीच मुलं नेमकी 102 च्या अलीकडे-पलीकडे असतात. गेटवरच्या माणसाशी हुज्जत घालू नका. सीटवरचा लोखंडी दांडा मोठ्या अंगाच्या मापाने खाली येतो. बुटकं मूल त्यातून निसटू शकतं. टाचेचे बूट घालून पट्टीला चिकटवायची हौस म्हणूनच मला अजिबात पटत नाही.

‘ट्रान्सफॉर्मर्स’ला 122 च्या आतल्या मुलाबरोबर मोठं माणूस लागतं, हेही विसरलं जातं. म्हणजे आई-बाबा दोघं आणि मुलं तीन असताना कोण कुणासोबत बसणार आणि धाकट्याजवळ कोण थांबणार, हे रांगेत शिरण्याआधी ठरवायचं. राइडच्या तोंडाशी ‘चाइल्ड स्वॅप’ मागा: एक जण धाकट्याला घेऊन बाजूला थांबतो, दुसरा मोठ्या मुलांना घेऊन जातो, मग परत रांग न लावता अदलाबदल.

स्टॅच्यू ऑफ लिबर्टीलाही हीच गत. फेरीबोटीचं मुलांचं तिकीट चार ते बारा वयाला, पण मुकुटापर्यंत चढायला किमान 42 इंच उंची आणि 162 पायऱ्या स्वतःच्या पायांनी. मुकुटाची तिकिटं फार आधी संपतात, म्हणून लोक घाईत घरातल्या सगळ्यांची काढतात, धाकट्यासकट.

उंची घरीच मोजा, आणि नीट मोजा. अनवाणी, टाचा भिंतीला, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून भिंतीवर पेन्सिलची खूण, मग टेपने जमिनीपासून. चार ते दहा वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, तेव्हा बुकिंग सहा महिने आधी करत असाल तर आजच्या मापात तीन मिळवून बघा. तरी एखादा सेंटिमीटर कमी पडत असेल तर ती राइड धाकट्याच्या यादीत धरूच नका.

हॉटेलच्या बाबतीत फार बोलण्यासारखं नाही, तिथे सगळं वयावरच. एजंटच्या कोटेशनमध्ये ‘चाइल्ड विदाउट बेड’ (मुलाला वेगळा पलंग न घेता लागणारा दर) दिसलं की कुठल्या वयापर्यंत, एवढंच विचारा आणि उत्तर मेलवर घ्या. तेरा वर्षांच्या मुलाला बहुतेक हॉटेलं मोठ्या माणसात मोजतात, आणि दोघांच्या खोलीत पाच जण चालत नाहीत हे चेक-इनच्या काउंटरवर कळून उपयोग नसतो.