रजिस्ट्रेशन संपलं तरी गाडी दान करता येते. टायटल मात्र हवं

अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये हा प्रश्न नेहमी निघतो. ड्राइव्हवेत जुनी गाडी उभी आहे, रजिस्ट्रेशन संपून वर्ष उलटलं, आता ती एखाद्या संस्थेला देता येईल का? पुष्कळदा विचारणाराच उत्तर देऊन मोकळा होतो: आधी रजिस्ट्रेशन भरावं लागेल, त्यासाठी स्मॉग, म्हणजे धुराची तपासणी, पास व्हायला हवं, स्मॉगसाठी दुरुस्ती करावी लागेल, म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा खर्चच जास्त. जाऊ दे. मग गाडी तिथेच राहते. टायर बसतात, बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात. दोन वर्षांपूर्वी जिचे चार पैसे एखाद्या चांगल्या कामाला मिळाले असते, ती शेवटी फुकटात न्यायलाही कुणी तयार नसतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ज्याला आपण अडचण समजतो ती बहुतेक वेळा अडचण नसतेच. खरी अडचण दुसऱ्याच कागदात असते आणि तो कागद कुणी उघडून पाहिलेला नसतो.

हे दोन कागद म्हणजे रजिस्ट्रेशन आणि टायटल. आपल्याकडून गेलेल्या माणसाची यात गल्लत होते, त्याला कारणही आहे. महाराष्ट्रात गाडीचं एकच आरसी असतं. मालकाचं नाव त्यावरच, बँकेच्या कर्जाचा बोजा त्यावरच आणि वैधतेची तारीखही त्यावरच. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं. म्हणून आरसीची मुदत संपली की गाडीचं सगळंच अडलं, अशी आपली समजूत पक्की झालेली असते. अमेरिकेत हीच कामं दोन वेगळ्या कागदांवर वाटलेली आहेत.

रजिस्ट्रेशन म्हणजे ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची परवानगी. कॅलिफोर्नियात ती दरवर्षी भरायची, मागच्या नंबरप्लेटवर वर्षाचा स्टिकर लावायचा. विमा आणि स्मॉग तपासणी याच्याशी बांधलेली. टायटल म्हणजे ही गाडी कुणाची आहे याचा सरकारी दाखला. त्याला मुदत नसते. दहा वर्षांपूर्वी डीएमव्हीने, म्हणजे राज्याच्या मोटार वाहन खात्याने, पाठवलेलं टायटल फाइलमध्ये असेल आणि मधल्या काळात गाडी तुमच्याच नावावर असेल, तर ते आजही तितकंच पक्कं आहे. दान करणं म्हणजे मालकी दुसऱ्याला देणं, आणि मालकी टायटलवर आहे. म्हणूनच वाहनदान घेणाऱ्या बहुतेक संस्था फोनवर पहिल्यांदा टायटलचं विचारतात. रजिस्ट्रेशन चालू आहे की नाही हे त्या विचारतात ते गाडी कशी न्यायची आणि फी किती थकली आहे हे कळावं म्हणून.

मुदत संपलेल्या रजिस्ट्रेशनमुळे अडतं ते असं. गाडी तुम्ही स्वतः चालवत संस्थेच्या दारात नेऊ शकत नाही. पण बहुतेक संस्था टो ट्रक पाठवतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न तिथेच मिटतो. गाडी कुठे उभी आहे हे मात्र महत्त्वाचं. कॅलिफोर्नियात रजिस्ट्रेशन संपून सहा महिन्यांहून जास्त झाले असतील आणि गाडी रस्त्याकडेला उभी असेल, तर पोलीस ती उचलून नेऊ शकतात. मग टोचे आणि यार्डाचे पैसे वाढत जातात आणि दान बाजूलाच राहतं. गाडी पीएनओवर टाकली असेल, म्हणजे वर्षभर वापरणार नाही असं डीएमव्हीला कळवलं असेल, तरी ती सार्वजनिक रस्त्यावर ठेवता येत नाही. ती आपल्या ड्राइव्हवेत किंवा गॅरेजमध्येच हवी. राहिली थकलेली फी आणि दंड. ते गाडीच्या मागे लागतात, त्यामुळे संस्थेला ते आधीच सांगा. काही संस्था ती रक्कम विक्रीतून वळती करून घेतात, काही तुम्हाला भरायला सांगतात. स्मॉगचं म्हणाल तर दान आलेल्या गाड्या बहुधा लिलावात किंवा गाड्या मोडीत काढणाऱ्या डिसमँटलरकडे जातात, त्यामुळे ते सर्टिफिकेट तुमच्याकडे सहसा मागत नाहीत. फोनवर एक प्रश्न विचारला की झालं.

आता टायटल. इथे मी जरा थांबणार आहे, कारण दान अडतं ते इथेच.

आधी त्यावरची नावं बघा. नवरा-बायको दोघांची नावं असतील तर मधला शब्द वाचा. कॅलिफोर्नियात नावांच्या मध्ये ‘ऑर’ असेल तर एकाची सही पुरते. ‘अँड’ असेल तर दोघांची लागते, आणि नुसती तिरकी रेघ असेल तर तिचाही अर्थ ‘अँड’ असाच धरतात. दोघांपैकी एक जण पुण्याला परत गेलेला असेल तर ही एवढीशी रेघ महिनाभर अडवून ठेवते.

मग लीनहोल्डर बघा, म्हणजे कर्ज देणारी बँक. कर्ज केव्हाच फिटलेलं असतं, तरी बँकेचं नाव कागदावर तसंच राहिलेलं पुष्कळदा दिसतं. ते काढल्याशिवाय गाडी पूर्णपणे तुमची होत नाही, मग ती दुसऱ्याला कशी देणार? बँकेने टायटलवर सही करून बोजा सोडायला हवा किंवा वेगळं लीन रिलीजचं पत्र द्यायला हवं. आता बरीच टायटलं बँकेकडे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतात. अशा वेळी कर्ज फिटल्याचं बँकेने कळवलं की कागदी टायटल छापून पोस्टाने येतं. ते जुन्या पत्त्यावर गेलं असेल तर ‘मला टायटल कधी मिळालंच नाही’ हे कोडं तिथेच सुटतं. बँक बुडाली असेल आणि तिचा वारस सापडत नसेल, तर एफडीआयसी हे केंद्रीय खातं लीन रिलीज मिळवायला मदत करतं.

टायटल हरवलं असेल तरी घाबरू नका. कॅलिफोर्नियात आरईजी २२७ हा अर्ज भरून बदली टायटल मागवता येतं. त्याच अर्जावर मालकी दुसऱ्याच्या नावे करायची सोयही आहे, त्यामुळे काही संस्था तोच भरून घेतात. आधी संस्थेला विचारा आणि मगच डीएमव्हीच्या रांगेत उभे राहा.

टायटल हातात असेल तर त्यावर घाईने काही लिहू नका. खाडाखोड झाली की डीएमव्ही वेगळं निवेदन मागते. कुठल्या रकान्यात सही करायची आणि कुठला कोरा ठेवायचा हे नेमकं संस्थेकडून समजून घ्या. पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोसारख्या राज्यांत टायटलवरची सही नोटरीसमोर करावी लागते, म्हणजे स्वयंपाकघराच्या टेबलावर आधीच केलेली सही वाया जाते. मॉडेल २०११ किंवा त्यानंतरचं असेल तर ओडोमीटरचा आकडा जाहीर करावा लागतो. त्याआधीच्या गाड्यांना यातून सूट आहे.

ज्यांचा व्हिसा संपला किंवा नोकरी गेली आणि जे गाडी मित्राच्या दारात ठेवून भारतात परतले, त्यांची अडचण सगळ्यात अवघड. मित्र गाडी सांभाळतो, रजिस्ट्रेशन संपतं, सोसायटीच्या नोटिसा मित्राला येतात, आणि सही करणारा हजारो मैलांवर. कॅलिफोर्नियात यासाठी आरईजी २६० हे मुखत्यारपत्र आहे. ते सही करून मित्राच्या हाती दिलं, सोबत टायटलही दिलं, तर तो तुमच्या वतीने दान पुरं करू शकतो. परतायचं नक्की झालं की सामानाच्या यादीत हे पहिल्या पाचांत असू द्या. टायटल चुकून बॅगेत भारतात येतं, असंही होतं.

या सगळ्याला एक अपवाद आहे. न्यूयॉर्क राज्यात १९७२ किंवा त्याआधीच्या मॉडेलना टायटल दिलंच जात नाही. तिथे रजिस्ट्रेशनचा कागदच मालकीचा पुरावा असतो. गॅरेजमध्ये अशी जुनी गाडी असेल तर वरचं सगळं उलटं धरा.

गाडी टो ट्रकवर चढली की काम संपलं असं वाटतं, पण गाडी तुमच्या नावावरून उतरलेली नसते. कॅलिफोर्नियात पाच दिवसांच्या आत डीएमव्हीला नोटीस ऑफ ट्रान्स्फर अँड रिलीज ऑफ लायबिलिटी द्यायची, ऑनलाइनही देता येते. त्यानंतरची पार्किंगची तिकिटं आणि टोल तुमच्या माथी येऊ नयेत म्हणून हे लागतं. ही नोटीस म्हणजे मालकीचं हस्तांतर नव्हे, हेही लक्षात असू द्या. टायटल वेगळं द्यायचंच. तिथल्या साध्या नंबरप्लेट गाडीबरोबर जातात, तेव्हा फास्टट्रॅकच्या, म्हणजे टोलच्या, खात्यातून तो नंबर काढा आणि काचेवरचा ट्रान्सपाँडर उतरवा. न्यू जर्सीत उलट आहे. प्लेट काढून घ्यायच्या, मोटार व्हेइकल कमिशनला परत करायच्या आणि मगच विमा बंद करायचा. विमा आधी बंद करण्याची घाई कुठल्याच राज्यात करू नका.

कराबद्दलही गैरसमज आहेत, आणि रजिस्ट्रेशनचा इथे थेट काहीच संबंध नाही. पूर्वी लोक गाडीची बाजारातली अंदाजे किंमत वजावटीत दाखवत. २००४ च्या कायद्याने ते बंद झालं आणि २००५ पासून नियम बदलला. तुम्ही ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट मागत असाल, तर संस्थेने गाडी प्रत्यक्षात जितक्याला विकली तितकीच रक्कम धरता येते. विक्रीनंतर ३० दिवसांत संस्था तुम्हाला फॉर्म १०९८-सी देते, तो रिटर्नला जोडायचा. गाडी ५०० किंवा त्याहून कमी डॉलरला विकली गेली, तर बाजारभाव किंवा ५०० यांपैकी जे कमी ते धरता येतं. संस्था गाडी विकण्याऐवजी स्वतःच्या कामाला खरोखर वापरणार असेल, तिची मोठी दुरुस्ती करणार असेल किंवा एखाद्या गरजू कुटुंबाला फार कमी किमतीत देणार असेल, तर मात्र पूर्ण बाजारभाव चालतो. हा शेवटचा प्रकार मला सगळ्यात जास्त आवडतो. तुमची गाडी चालू स्थितीत असेल तर अशी संस्था मुद्दाम शोधा. सार्वजनिक रेडिओ केंद्रं, गुडविल, हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी असे पुष्कळ जण गाड्या घेतात आणि बहुधा लिलावात विकतात. ते पैसेही चांगल्या कामाला जातात. पण रात्रपाळीच्या नोकरीला जायला साधन नसलेल्या आईच्या हातात किल्ली पडणं हे वेगळंच.

ही वजावट फक्त आयटमाइज करणाऱ्यांना, म्हणजे ठरावीक स्टँडर्ड डिडक्शनऐवजी एकेक वजावट वेगळी दाखवणाऱ्यांना मिळते. २०२५ साली एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याची स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० डॉलर होती, त्यामुळे बहुतेकांना गाडीच्या दानातून करात एक पैसाही सुटत नाही. २०२६ पासून आयटमाइज न करणाऱ्यांनाही दानाची छोटी वजावट मिळते, पण ती रोख दानापुरती, गाडीला नाही. तेव्हा दान द्यायचं ते संस्थेसाठी. संस्था करमुक्त दर्जाची आहे की नाही हे आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, ते जरूर करा.

हाच हिशेब मनात धरून कुणी पुण्या-नाशकातली आईवडिलांची जुनी गाडी द्यायला निघाला, तर तो फसेल. तिथे वेगळं टायटल नाही. आरसीची मुदत संपली म्हणजे गाडीची वैध नोंदणीच उरलेली नाही, त्यामुळे नाव बदलण्याआधी आरटीओत नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी तपासणी आली आणि पर्यावरण करही आला. नाव न बदलता नुसती किल्ली आणि कागद देऊन टाकणं तर नकोच. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि भारतात दानावरची आयकर सवलत पैशांच्या दानावर मिळते, वस्तूच्या नाही. नूतनीकरण परवडत नसेल तर अधिकृत स्क्रॅपिंग केंद्राला गाडी द्या. ते सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतात, आणि घरात नवी गाडी घ्यायची असेल तर त्यावर मोटार वाहन करात सवलत मिळू शकते. भंगाराचे जे पैसे येतील ते बँकेतून संस्थेच्या खात्यावर पाठवा आणि पावती मागून घ्या. जुन्या करपद्धतीत रिटर्न भरत असाल तर ती पावती उपयोगी पडते.