मॅप स्लो का होतो आणि आम्ही तो कसा हलका करतो

"मॅप फार स्लो चाललाय, मोठा सर्व्हर घेऊया का" असा फोन आम्हाला सारखा येतो, आणि प्रत्येक वेळी आम्ही आधी एकच विचारतो की स्लो कोणाच्या हातात आहे. ऑफिसात वायफायवर, चांगल्या कॉम्प्युटरवर तो पटकन उघडतोच, पण तुमचा खरा वापरणारा तुर्भ्याला मार्केटमधे गाळ्यासमोर टेम्पो लावून उभा असतो, हातात चार वर्षं जुना फोन, रेंजच्या दोन कांड्या आणि स्क्रीनवर नुसते राखाडी चौकोन. त्याच्यासाठी मॅप फास्ट झाला तर झाला, नाहीतर नाही. आमची वागळे इस्टेटमधली छोटी टीम आहे, मॅपचंच काम करतो, आणि ग्राहकाने न समजता पैसे खर्च करू नयेत असं मनापासून वाटतं म्हणून हे लिहितोय.

आधी पाणी कुठे मुरतंय ते बघा. कॉम्प्युटरवर क्रोममधे मॅप उघडा, एफ 12 दाबा, नेटवर्क टॅबवर जा आणि पेज रिफ्रेश करा, प्रत्येक फाइलची साइज आणि लागलेला वेळ दिसेल. एखाद्या फाइलवर क्लिक केलं की त्या वेळेचे भाग दिसतात, त्यात वेटिंग मोठं असेल तर सर्व्हर किंवा डेटाबेस उत्तर द्यायला उशीर करतोय, डाउनलोड मोठं असेल तर माल, म्हणजे पाठवला जाणारा डेटा, जड आहे, आणि दोन्ही झटकन होऊनही बोटाने सरकवताना मॅप अडकत असेल तर फोनला एवढं चित्र काढणं झेपत नाहीये. तिन्हीचे इलाज वेगळे आहेत. मोठा सर्व्हर फक्त पहिल्याला उपयोगी पडतो, तोही कधीकधीच.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो तो जड माल. एका ट्रान्सपोर्टवाल्या ग्राहकाचा मॅप होता, ठाणे ते बेलापूर डिलिव्हरीचे एरिया आणि सोबत खाडीचा किनारा, सगळं एका जिओजेसन फाइलमधे (मॅपवरचे बिंदू आणि रेषा अक्षरांत लिहून ठेवणारी फाइल), 14 एमबी. फाइल उघडून बघितली तर एकेका बिंदूच्या अक्षांश-रेखांशाला दशांश चिन्हापुढे 15 आकडे. आता बघा, पाचव्या आकड्यालाच आपण साधारण एक मीटरवर आलेलो असतो, आणि फोनचं जीपीएस मोकळ्या आभाळाखाली 5 मीटरच्या आसपास अचूक असतं, म्हणजे पुढचे दहा आकडे नुसतं ओझं. 15 आकड्यांचा एक बिंदू कंस आणि स्वल्पविराम धरून 40 अक्षरं घेतो, 5 आकड्यांचा 20, म्हणजे फक्त आकडे छाटले की फाइल जवळपास अर्धी. मग खाडीचा किनारा, खारफुटीच्या प्रत्येक वळणाला बिंदू टाकलेला, अख्खं ठाणे दिसेल अशा झूमला त्यातली बरीच वळणं एका पिक्सेलमधे मावतात. अशा रेषेतले बिनकामाचे बिंदू काढायची डग्लस-प्यूकर नावाची पद्धत 1973 पासून आहे, आम्ही तीच वापरतो, आणि शेवटी पाठवताना जीझिप, म्हणजे फाइल दाबून लहान करणं. मात्र एक सांगतो, शेजारशेजारच्या प्रभागांच्या हद्दी वेगवेगळ्या सोप्या केल्या की मधे फटी पडतात, एका प्रभागाची गल्ली कोणाच्याच हद्दीत राहत नाही, म्हणून सामाईक हद्द एकदाच सोपी करायची. आणि मूळ फाइल कधीच टाकून द्यायची नाही, क्षेत्रफळ मोजायचं असेल तर तीच लागते.

पिना पण तसंच. पाच हजार पिना एकदम टाकल्या की फोन पाच हजार वेगळ्या वस्तू सांभाळत बसतो आणि माणसाला मॅप दिसतच नाही. लांबून गठ्ठा आणि त्यावर आकडा, जवळ गेलं की सुट्ट्या पिना, एवढं पुरतं. फोटो तर पिनेवर टॅप केल्यावरच आणायचे.

डेटाबेस अडत असेल तर बहुतेक वेळा इंडेक्स नसतो. वाशीत पत्ता शोधताना आपण अख्खी नवी मुंबई पालथी घालत नाही, आधी नोड म्हणजे वाशी, मग सेक्टर, मग प्लॉट. पोस्टजीआयएस या मॅपच्या डेटाबेसमधला स्पेशियल इंडेक्स, म्हणजे जागेनुसार लावलेली सूची, नेमकं हेच करतो, आधी ठोकळ चौकोन, मग आतलं बारीक. तो नसेल तर घणसोलीतले चार नळ दाखवायला डेटाबेस अख्खी यादी वाचतो. आणि मागायचं पण स्क्रीनवर दिसतंय तेवढंच, तेही बोट थांबल्यावर, बोट सरकत असताना दर क्षणी नाही.

खालचा बेस मॅप चौकोनी टाइल्समधे येतो. झूम 0 ला अख्खं जग 256 बाय 256 पिक्सेलच्या एका टाइलमधे, पुढे प्रत्येक झूमला चौपट, झूम 10 ला 10,48,576 टाइल्स. तुमच्या गाड्या कल्याण-पनवेलच्या पलीकडे जात नसतील तर मॅप तेवढ्याच भागाला बांधून ठेवतो, आणि एकदा आलेली टाइल फोनमधेच साठवायला सांगतो, रस्ते काय रोज बदलत नाहीत. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मॅपचा डेटा फुकट आहे पण त्यांचे टाइल सर्व्हर देणग्यांवर चालतात आणि जड वापराला नियमाने मनाई आहे, म्हणून धंद्याचा मॅप आम्ही त्यावर टाकत नाही, टाइल्सची सोय वेगळी करतो आणि त्यांचं श्रेय मॅपवर ठेवतो.

व्हेक्टर टाइल्स, म्हणजे तयार चित्राऐवजी रेषा आणि आकारांचा डेटा पाठवणाऱ्या टाइल्स, हव्यात असं बरेच जण सांगतात. फिरवायला छान, अक्षरं स्पष्ट, पण चित्र काढायचं काम फोनवर येतं आणि जुन्या फोनला ते नाकापेक्षा मोती जड होतं, तिथे आम्ही साध्या चित्राच्या टाइल्सच सुचवतो. लाइव्ह गाड्यांचं पण आमचं मत ठाम आहे, घोडबंदर रोडला गाडी अडकलेली असताना दर सेकंदाला जागा विचारून काही मिळत नाही, बॅटरी मात्र जाते, दहा सेकंदांनी विचारा, हलली तेवढीच पिन हलवा आणि मॅप मागे टाकून माणूस दुसऱ्या अॅपमधे गेला की विचारणं बंद.

आमच्याकडे येताना नेटवर्क टॅबचा एक स्क्रीनशॉट आणा, मॅप कुठल्या भागात आणि दिवसात कधी अडतो ते लिहून आणा, आणि जमलं तर ज्या ड्रायव्हरची तक्रार आहे त्याचा फोनच दोन तास आमच्याकडे ठेवा, आम्ही त्याच्यावरच टेस्ट करतो.